जुन्या व्हिडिओ गेम्सचे भाव टिकतील का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी जुने गेम्स जमवते हे कळलं की बहुतेक लोकांचा दुसराच प्रश्न असतो, "पुढे याला किंमत राहील का?" दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मला समाधान होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते. काही गेम्सची राहील, बऱ्याच गेम्सची राहणार नाही, आणि ज्यांच्या किमती बातम्यांत येतात त्यांच्याबद्दल मला सगळ्यात कमी खात्री वाटते.

२०२१ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची एक सीलबंद प्रत ६ लाख ६० हजार डॉलरला गेली. जुलैमध्ये झेल्डा या गेमची ८ लाख ७० हजारला, त्यानंतर दोनच दिवसांनी सुपर मारिओ ६४ ची प्रत १५ लाख ६० हजारला, आणि ऑगस्टमध्ये परत सुपर मारिओ ब्रदर्सचीच एक प्रत २० लाख डॉलरला विकल्याची बातमी आली. चार महिन्यांत एवढं, आणि तिथून पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी माळ्यावरचा खजिना. आता यातला मारिओ ६४ घ्या. हा गेम १९९६ चा, जगभर एक कोटीच्या वर विकला गेलेला, आजही त्याचं कार्ट्रिज (गेम ज्यात असतो ती प्लास्टिकची कॅसेट) सहज मिळतं, कुठल्याही अर्थाने हा दुर्मिळ गेम नाही. मग १५ लाख कशाचे दिले? तर ग्रेडिंग कंपनीने डब्याची अवस्था तपासून १० पैकी दिलेल्या ९.८ या ग्रेडचे आणि सीलला मिळालेल्या ए प्लस प्लसचे. म्हणजे पैसे गेमला नाही, प्लास्टिकच्या गुंडाळीला सुरकुती नसल्याला मिळाले. आणि तेवढी कोरी प्रत आणखी किती जणांच्या कपाटात आहे हे कोणालाच आधी माहीत नसतं, भाव वाढला की लोक शोधायला लागतात, ग्रेडिंगला पाठवतात आणि जी एकमेव वाटत होती तिला भावंडं सापडतात. कोविडच्या काळात चढलेले भाव २०२२ पासून खाली आले त्यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

खरी दुर्मिळता वेगळी असते. मारिओ आणि झेल्डा काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीने १९९० मध्ये गेम खेळायची स्पर्धा भरवली होती, तिच्या अंतिम फेरीतल्या खेळाडूंना दिलेली राखाडी कार्ट्रिजेस फक्त ९०, आणि एका मासिकाच्या स्पर्धेत वाटलेली सोनेरी २६. हा आकडा आता वाढूच शकत नाही. किंवा स्टेडियम इव्हेंट्स घ्या, १९८७ चा बंदाई कंपनीचा गेम, तो ज्या पायाने खेळायच्या मॅटवर चालायचा तिचे हक्क निन्टेंडोने घेतले आणि अमेरिकेतल्या प्रती बाजारातून मागे घेतल्या गेल्या, म्हणून थोड्याच उरल्या. अशा वस्तूंमागे कारण असतं, ते कारण कोणी पुसू शकत नाही, आणि असल्या वस्तूंचे भाव खालीवर झाले तरी तळाला जाणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्याआमच्याकडे असतं ते यापैकी काहीच नसतं, असतं ते लूज, म्हणजे बिनडब्याचं नुसतं कार्ट्रिज, फार तर डबा आणि मॅन्युअलसकट. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

डबा. पुठ्ठ्याचा डबा लहान मुलं पहिल्याच दिवशी फाडून टाकायची. एनईएस, सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४ हे निन्टेंडोचे तीन कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, तिन्हींच्या गेम्सचे डबे पुठ्ठ्याचे, त्यामुळे कार्ट्रिज ढीगभर आणि डबे मोजके, आणि बऱ्याचदा डब्यासकटच्या प्रतीची किंमत नुसत्या कार्ट्रिजच्या कितीतरी पट असते. त्याच काळात सेगा कंपनीने आपल्या जेनेसिस या कन्सोलचे बहुतेक गेम्स प्लास्टिकच्या केसमध्ये दिले, त्या केसेस टिकल्या, म्हणून तिथे हा फरक तितका मोठा नाही. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कोणीतरी पॅकेजिंगवर किती खर्च करायचा हे ठरवलं, आणि आजचा भाव त्यावर ठरतोय. मला हे फार सुंदर वाटतं.

मग कोणाला तो गेम हवाय हा भाग. नुसतं कमी असून चालत नाही, कोणाला तरी तो परत खेळावासा वाटला पाहिजे. अर्थबाउंड हा सुपर निन्टेंडोचा गेम १९९५ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा फारसा चालला नाही, नंतर लोकांनी तो एकमेकांना सांगत सांगत मोठा केला. २०१३ मध्ये तो निन्टेंडोच्या वी यू या नव्या कन्सोलवर डाउनलोड करता यायला लागला, तेव्हा खूप जण म्हणाले की आता जुन्या कार्ट्रिजचा भाव पडणार. पडला नाही. कारण नव्याने खेळलेल्यांपैकीच काहींना मूळ कार्ट्रिज हवंसं वाटलं. इम्युलेटरने, म्हणजे जुना गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामने, भाव मरतो ही भीती मला म्हणूनच पटत नाही, ज्या गेमला नवे खेळाडू मिळत राहतात त्याला नवे कलेक्टरही मिळतात, आणि जो कोणी खेळतच नाही तो फक्त जुना होत जातो.

हेच अटारीबाबत दिसतं. अटारी २६०० हे कन्सोल आलं १९७७ मध्ये. त्यावर वाढलेली माणसं आता साठीच्या आसपास आहेत, आणि त्यातले नेहमीचे गेम्स आजही अगदी स्वस्तात मिळतात. अटारीच्याच ई.टी. या गेमचं उदाहरण तर बघाच, विकला न गेलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला, २०१४ मध्ये उकरून काढला, आणि निघालेल्या कार्ट्रिजेस शहराने प्रमाणपत्र देऊन विकल्या तर एकूण एक लाख डॉलरच्या वर पैसे आले. तोच गेम, न पुरलेला, चालू स्थितीतला, नगण्य किमतीला मिळतो. पैसे मातीत पुरल्याच्या त्या कहाणीला मिळाले.

आता भाव चढायची पाळी निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि सोनीच्या पीएस२ (प्लेस्टेशन २) या कन्सोल्सच्या गेम्सची आहे, कारण २००० च्या आसपास लहान असलेली मुलं आता कमवायला लागलीत. पण पीएस२ चे कन्सोलच १५ कोटींच्या वर विकले गेले, त्यामुळे गाजलेले गेम्स कधीच महाग होणार नाहीत, महाग झालेत ते तेव्हा कोणी न घेतलेले, रूल ऑफ रोझसारखे. म्हणून कोणी मला म्हणालं की "सगळ्यात हिट गेम घेऊन ठेवतो", तर मी थांबवते. हिट म्हणजेच भरपूर प्रती. नव्वदच्या दशकात कॉमिक्सचं हेच झालं, १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक लोकांनी काळ्या पाकिटासकट लाखोंनी जपून ठेवला, सगळ्यांनीच जपला म्हणून आज तो साध्या किमतीत मिळतो.

आणि एक गोष्ट गुंतवणुकीच्या गप्पांत कोणी बोलत नाही, ती म्हणजे हे सामान हळूहळू मरतं. कार्ट्रिजमधली रॉम चिप, म्हणजे ज्यात गेम साठवलेला असतो ती, टणक असते, पण सेव्ह (गेममध्ये कुठवर पोचलो ती नोंद) ठेवणारी बॅटरी संपते, आणि पोकेमॉन गोल्ड सिल्व्हरमध्ये तर आत घड्याळही चालू असल्यामुळे ती लवकर संपते आणि सेव्ह जातो. सेगाच्या गेम गिअर या हातात धरून खेळायच्या यंत्रातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळतात आणि आतला सर्किट बोर्ड खातात. डिस्कच्या आतला थर खराब होऊ शकतो, आणि सीलबंद डब्यात ते झालं तर कळणारही नाही! मला हे खरंच अस्वस्थ करतं. सील न फोडता जपलेली वस्तू आत चालते की नाही हे कधीच तपासायचं नाही, असा तो व्यवहार आहे.

नकली माल हा दुसरा धोका. निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्राचे पोकेमॉन गेम्स, विशेषतः एमराल्ड, इतके नकली फिरतात की मी तपासल्याशिवाय हातात घेत नाही. खालच्या फटीतून बोर्डावर पिनांच्या वर निन्टेंडो लिहिलेलं दिसतं का ते बघा, लेबलवर दाबून उमटवलेला छोटा आकडा असतो तो उजेडात तिरका धरून बघा. शंका आली तर पेचकसने उघडून बोर्ड बघा, विकणारा नाही म्हणाला तर घेऊ नका.

तर घ्यायचं की नाही? पैसे दुप्पट करायला असेल तर नका घेऊ, दुसरे मार्ग बरे आहेत. खेळायचं असेल, किंवा तो डबा समोर असला की बरं वाटत असेल तर जरूर घ्या, शक्यतो डबा, मॅन्युअल, आतला नकाशा सगळं एकत्र, आणि विकताना तो सेट फोडू नका. डबे उन्हात आणि दमट जागी ठेवू नका, पुठ्ठा फिका पडतो, बुरशी धरतो. बॅटरी बदलून घेतली असेल तर विकताना सांगा, सेव्ह नीट होत असेल तर घेणारे खूशच होतात. आणि ग्रेडिंगला पाठवायच्या आधी तोच गेम लूज केवढ्याला जातोय ते बघा, पुष्कळदा ग्रेडिंगची फी आणि पाठवण्याचा खर्चच त्याहून जास्त निघतो.