मोरीचं पाणी कसं आहे?

जून लागला की शनिवारी सकाळी साडेसहापासून माझा फोन वाजायला लागतो. नंबर अनोळखी, आवाज पुण्याचा नाहीतर ठाण्याचा, मागे सायलेन्सरची फडफड. "दादा, आंबेनळी घाट चालू आहे ना?" पोलादपुरात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, एकोणीस वर्षं झाली. कोणीतरी माझा नंबर बायकर लोकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि मी फुकटची चौकशी खिडकी होऊन बसलो. तक्रार नाही. याच लोकांच्या क्लच प्लेटा आणि ब्रेक पॅडवर माझ्या मुलीचा डिप्लोमा चाललाय. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, त्यातला बराचसा उतार. गिअरवर गाडी न उतरवता नुसता ब्रेक दाबत आलेला माणूस माझ्या दारात थांबतो, डिस्क निळी पडलेली असते आणि म्हणतो, "ब्रेक अचानक लागायचाच बंद झाला हो."

अचानक म्हणे! असो.

सांगायचं होतं ते घाट चालू असण्याबद्दल. पूर्वी मी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचो. २०२१ च्या जुलैनंतर तसं जमत नाही.

माझी थोरली बहीण प्रतापगडाखाली कुंभरोशीला दिलेली आहे. दाजींचं रस्त्याकडेला छोटं हॉटेल आहे, पिठलं-भाकरी, भजी, चहा. २१ तारखेला रात्री ताईशी बोललो तेव्हा ती म्हणाली होती, "पाऊस लागलाय, पण असा तर दरवर्षीच लागतो." २२ ला दुपारपासून तिचा फोन लागेना. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की सावित्री बघता बघता चढतेय. ही नदी महाबळेश्वरातच उगम पावते, म्हणजे वर पडलेलं पाणी थेट आमच्याच दारावरून जाणार. आकडा नंतर कळला. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर. पुण्याला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, जवळपास तेवढा एका दिवसात.

त्या दिवशी महाड बुडालं. तळीये गावावर डोंगर आला, ८० हून जास्त माणसं गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते लिहायला बसलो की हात थांबतो. आंबेनळी घाट तर ठिकठिकाणी तुटलाच होता. ताईची खबर मिळायला चार दिवस गेले. त्यांच्या वाडीतला एक पोरगा जंगलातल्या पायवाटेने उतरून आला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला, "मामा, सगळी हायत. गुरं पण हायत." आधी माणसं सांगितली, मग गुरं, आणि मग पाणी मागितलं.

रस्ता साफ करायला खालच्या बाजूने एक पोकलेन आणि दोन जेसीबी लागले होते. आठवडाभराने एका सकाळी ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर आला. पोकलेनचा हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाच्या तेलाची नळी, फुटला होता. एरवी महाड एमआयडीसीत जाऊन दाबून आणायचा, अर्ध्या तासाचं काम. पण महाडच्या दुकानांतून तेव्हा फावड्याने चिखल काढणं चालू होतं, तिथे होजला कोण विचारतो. मी टू-व्हीलरवाला, माझा पोकलेनशी संबंध काय? संबंध इतकाच की माझ्या शेडमागे कोणीतरी सोडून दिलेली एक जुनी जेसीबी दोन वर्षं गंजत पडली होती. तिचा बूमचा होज उघडला, तोंडं पाहिली, एक अ‍ॅडॅप्टर टाकला तर बसेल असं वाटलं. होज गळ्यात अडकवला, पाने पिशवीत घातले आणि निघालो. जाईल तिथपर्यंत गाडी, पुढे चालत.

चालत गेल्यावर घाट वेगळाच दिसतो. ज्या वळणावर लोक गुडघा टेकवून फोटो काढतात तिथे रस्ता नव्हताच, तांबड्या मातीचा ढिगारा होता आणि त्यातून आंब्याचं एक अख्खं झाड उभंच्या उभं आलेलं, मुळांसकट. एका जागी डांबराचा पापुद्रा हवेत लटकत होता, भाकरीचा पदर सुटतो तसा, आणि त्याच्याखाली काहीच नाही, थेट दरी. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या सहलीची बस याच घाटात कोसळून ३० जण गेले. इथनं जाताना एरवीही माझी गाडी आपोआप हळू होते. त्या दिवशी तर मी कातळाला हात लावून चाललो.

ऑपरेटर जतकडचा होता, कानडी हेल काढून बोलणारा, वय असेल पंचवीस. त्याने इंजिन बंद करून लिव्हर पुढेमागे हलवले आणि लाइनमधलं प्रेशर सोडलं. हे न करता नट ढिला केला तर तेल अंगावर असं येतं की कातडी फाडून आत शिरतं, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. फिटिंग बसायला पाऊण तास गेला. जेसीबीचा होज पोकलेनला, तीनशेच्या वर बारचं प्रेशर, किती टिकेल देव जाणे. तो म्हणाला, "अर्ध्या रेसवर चालवतो की." तीन दिवस चालवला त्याने.

त्या पाऊण तासात मी एक माणूस पाहिला. समोर वीस-पंचवीस फुटांवर छत्री न घेता भिजत उभा, तोंडात शिट्टी, हातात लाल फडकं. मशीनकडे त्याचं लक्षच नाही, नजर सतत वर डोंगराकडे. दिवसभर त्याचं काम एवढंच. मोठा धोंडा काही एकदम येत नाही, आधी बारीक खडे सुटतात, टपटप, मोजून पाच-सहा. ते दिसले की शिट्टी. इंजिनच्या आवाजात शिट्टी ऐकू आली नाही तर फडकं. मग ऑपरेटर बकेट तिथेच सोडून मशीन मागे घेतो. मी असेपर्यंत दोनदा शिट्टी वाजली. एकदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा रिक्षाएवढा दगड आला आणि जिथे मी आधी पाने मांडले होते तिथून चार हातांवर बसला.

मी ऑपरेटरला विचारलं, "किती दिवसांत मोकळा होईल?" तो तंबाखू मळत म्हणाला, "वरून आलेलं काढता येतंय की. खालून गेलेलं कुठनं आणायचं?"

हे मला त्याआधी कधी नीट कळलंच नव्हतं. पेपरात सगळ्याला दरडच म्हणतात. दरड कोसळली तर माती-धोंडे रस्त्यावर येतात. पायथ्यापासून न ओढता बाजूने आणि वरून थोडं थोडं खायचं, नाहीतर उरलेलं अंगावर येतं. मोठ्या दगडाला ब्रेकर लावून फोडायचं, कारण सुरुंग लावला तर हललेला डोंगर आणखी हलणार. दोन-चार दिवस, फार तर आठवडा. पण रस्ता खचला म्हणजे खालचा भरावच निघून गेला. तिथे तळापासून भिंत उठवावी लागते, दगड जाळीत भरून नाहीतर काँक्रीटची. पावसात ते होत नाही. तोवर डोंगराच्या बाजूला थोडं कापून मुरुमाची एक गाडी जाईल एवढी पट्टी काढायची आणि लोकांना सांगायचं, रस्ता चालू झाला.

आणि रस्ता खचतो कशाने? डोंगराच्या बाजूचं गटार दगड-पाल्याने तुंबतं, मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे काढायच्या वाटेचं, तोंड बुजतं, पाणी रस्त्यावरून पलीकडे उडी मारतं आणि भरावाची माती धुऊन नेतं. आपल्या सह्याद्रीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा मऊ पट्टा असतो, कापलेल्या भिंतीत नीट बघितलं तर दिसतो. पाणी वरून मुरतं, त्या पट्ट्याशी अडतं आणि तिथून बाहेर फुटतं. ते आपण अडवू शकत नाही. पण मोरी? ती फावड्याने साफ होते. मे महिन्यात दोन माणसांचं एका सकाळचं काम. ते झालं नाही की मग पुढे काही कोटींची भिंत.

अजून एक, जे कोणी फोटोत दाखवत नाही. काढलेला मलबा जातो कुठे? डंपर भरून नेण्याएवढी वाट नसते, तेव्हा बकेट फिरते आणि सगळं दरीत. दरी रिकामी नाही. खाली ओढा आहे, ओढ्याला लागून कोणाची तरी भातखाचरं आहेत. त्या वर्षी आमच्या एका गिऱ्हाइकाच्या खाचरात रस्त्याचं डांबर आलं, पांढऱ्या पट्ट्यासकट. त्याला राग आला होता का? आला होता. पण वर दवाखान्याची गाडी अडकलीय म्हटल्यावर बोलणार कोणाला.

घाट आधी दुचाक्यांना सुटला, मग छोट्या गाड्यांना. एसटी कितीतरी उशिरा. मी पहिल्याच दिवशी ताईकडे गेलो, डिकीत साखर, चहा पावडर आणि मेणबत्त्या. परतताना पहिली बुलेट दिसली, मग चार, मग रांगच. साफ केलेल्या रस्त्यावर तांबड्या मातीचा पातळ लेप राहतो. वाळला की धूळ, वर चार थेंब पडले की साबण. त्या रविवारी माझ्याकडे सात गाड्या आल्या, सगळ्या उजव्या-डाव्या कुशीवर घासलेल्या. क्रॅश गार्ड वाकलेला, लेगगार्डमध्ये चिखल. एकाचा हँडल सरळ करताना तो म्हणाला, "पण दादा, रोड क्लिअर आहे म्हणाला होतात." मी म्हणालो होतो खरं.

तेव्हापासून मी थेट उत्तर देत नाही. रेड अलर्ट असला की घाटबंदीचा आदेश निघतो, तेव्हा प्रश्नच नाही, घरी बसा, भजी खा. इतर दिवशी मी ताईला फोन लावतो. तिच्या घराच्या वरच्या वळणावर एक मोरी आहे. दाजी आता दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी वाडीतली पोरं घेऊन तिचं तोंड उकरून ठेवतात. पाऊस पडतोय आणि मोरीतून पांढरं पाणी पडतंय, म्हणजे ठीक. पाणी अचानक तांबडं झालं, तर वर कुठेतरी माती सुटलीय. आणि सगळ्यात वाईट, पाऊस चालू असूनही पाणी एकदम कमी झालं तर. म्हणजे वर काहीतरी अडलंय, आणि ते येणार.

काल सकाळी पावणेसातला ठाण्याचा फोन आला. सहा गाड्या, महाडला चहा पिऊन निघत होते. म्हटलं थांबा दहा मिनिटं. ताईला लावला. ती भाकऱ्या थापत होती, तवा उतरवला, छत्री शोधत बडबडली, आणि चप्पल वाजवत वर गेलेली मला फोनमध्ये ऐकू आली.

"तांबडं आहे रे," ती म्हणाली. "थांबव त्यांना."

त्यांना सांगितलं. दोन जण कुरकुरले, सहाही जण थांबले. दुपारी दीडपर्यंत माझ्या शेडमध्ये बसून होते. तेवढ्यात तिघांच्या चेनी ताणून दिल्या, एकाचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय हे दाखवलं. दीड वाजता ताईचाच फोन आला, पाणी निवळलं म्हणून.