अपडेट होऊन राहिलं, भाऊ

पोह्यांवर तर्री ओतली, शेव-कांदा पडला, प्लेट हातात आली, की पैसे द्यायला ॲप उघडावं आणि त्याने ‘आधी अपडेट करा’ म्हणून अडून बसावं. हा मुहूर्त काही चुकत नाही. मागे चार गिऱ्हाईकं ताटकळत असतात आणि आपण ‘अपडेट होऊन राहिलं, भाऊ’ म्हणत त्या गोल फिरणाऱ्या चकरीकडे बघत राहतो.

तसा प्ले स्टोअर बिचारा हे काम रात्रीच उरकायला तयार असतो. पण त्याचे नखरे आहेत: वायफाय हवं, फोन चार्जिंगला हवा, आणि वापरात नको. रोजच्या दीड जीबीवर चालणाऱ्या घरात वायफायच नाही, मग अपडेटं साचत जातात. उपाय साधा आहे. रात्री साडेअकराला प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टिचकी मारायची, ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’ उघडायचं आणि बँकेचं, यूपीआयचं तेवढं हातानं अपडेट करायचं. उरलेला डेटा बाराला बुडणारच असतो! ‘अपडेट ऑल’ मात्र दाबू नये. फोटो सजवायच्या ॲपखाली पैशांचं ॲप ‘पेंडिंग’मध्ये अडकून पडतं. दोन-तीन जीबी जागाही मोकळी ठेवावी. डाउनलोड छोटं दिसलं तरी बसवताना जास्त जागा लागते.

आणि मे महिन्यात दुपारी तर हे करूच नये. बाहेर पंचेचाळीस अंश, फोन चार्जिंगला, त्यात डाउनलोड. फोन तापतो आणि स्वतःच चार्जिंग मंद करतो. म्हणून काही जण त्याला कूलरसमोर निजवतात. कूलरची हवा ओली असते, बाप्पा! चार्जर काढून पंख्याखाली ठेवला की पुरे.

सगळी अपडेटं भलं करतात असंही नाही. मार्च २०२१मध्ये ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’चं, म्हणजे ॲपच्या आतच वेबपानं दाखवणाऱ्या भागाचं, एक अपडेट आलं आणि जीमेलसकट कितीतरी ॲप्स उघडताच बंद पडू लागली. तेव्हा लोकांनी त्या वेबव्ह्यूचंच अपडेट काढून टाकून काम भागवलं. ही सोय फोनसोबत आलेल्या ॲप्सनाच. आपण टाकलेल्या ॲपला प्ले स्टोअर मागे नेत नाही. म्हणून सुरक्षेचं अपडेट लगेच घ्यावं, नव्या रंगरूपाचं आठवडाभर थांबवलं तरी बिघडत नाही. कंपन्याही नवी आवृत्ती आधी थोड्याच फोनांवर सोडून बघतात. एकाच घरात सुनेच्या फोनमध्ये बटण खाली आणि सासूच्या फोनमध्ये वर, ते बहुतेक त्यामुळेच.

अपडेटनंतर ॲप रुसलं तर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅश’ करावं; ही कॅश म्हणजे पैसे नव्हे, ॲपनं तात्पुरतं साठवलेलं सामान. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ घाईत दाबलं, तर यूपीआयची नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी बँकेला दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं, आणि एसएमएस जाण्याइतका बॅलन्सही.