परतीचा पाऊस गेला की आधी पन्हळ बघा

कोल्हापुरात दसरा झाला, परतीचा पाऊस थांबला की लोक लगेच रंगकामाला लागतात, पण माझं ऐका, आधी शिडी लावून कौलांखालची पन्हळ साफ करा, पावसाळाभराचा पालापाचोळा, शेवाळ तिथंच कुजत असतं, पाणी तुंबलं की भिंतीत मुरतं आणि मग रंग कितीही भारी लावा, पोपडे येणारच. पाईपमध्ये बादलीभर पाणी ओतून बघा, खाली धो धो आलं पाहिजे.

आंब्याची छाटणी आत्ता नको, डिसेंबर-जानेवारीत शेंड्यांनाच मोहोर येतो. फक्त बांडगूळ दिसलं तर चिकटलंय त्याच्या थोडं खालनं फांदीसकट काढा, नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं. लॉन एकदम बुडापासनं कापू नका. आणि पाला पेटवू नका प्लीज! खड्ड्यात टाका, वर शेणकाला शिंपडा, उन्हाळ्यापर्यंत झाडांना खत तयार.