निकालाची वाट पाहताना

डिसेंबरच्या मध्याला अमेरिकेतील पीएचडीसाठीचा शेवटचा अर्ज पाठवला, तेव्हा आता आपल्या हातात काही उरले नाही या विचाराने सुटल्यासारखे वाटले होते. ते सुख जेमतेम आठवडाभर टिकले. फेब्रुवारी उजाडल्यापासून दिवसातून किती वेळा ईमेल उघडतो, हे मोजणेही मी सोडून दिले आहे. काल रात्री एका विद्यापीठाच्या पोर्टलवर ‘अर्ज विचाराधीन’ या ओळीखालची तारीख बदललेली दिसली आणि काळजात धस्स झाले. एका शिफारसपत्राची नोंद उशिरा झाली होती, इतकेच.

अमेरिकेतील पीएचडीचे प्रवेश बहुधा विभागातील प्राध्यापकांची समिती ठरवते, आणि निधी किती आहे, कोणाला यंदा नवा विद्यार्थी हवा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. म्हणजे नकाराचे कारण माझ्या एसओपीतच (अर्जासोबतच्या उद्देशपत्रातच) असेल असे नाही. हे मला पटते. रात्री दोन वाजता मात्र त्याच एसओपीच्या तिसऱ्या परिच्छेदातली शुद्धलेखनाची चूक नव्याने टोचते. (चूक खरोखरच आहे.)

प्रतीक्षायादी त्याहून अवघड. तेथील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, त्यामुळे ज्यांच्या हाती तीन-चार प्रस्ताव आहेत त्यांचा निर्णय होईपर्यंत आमच्यासाठी जागा रिकामी होत नाही. मला एक नकार आला आहे, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव आहे, चार विद्यापीठे गप्प आहेत. फोनचा आवाज मी बंद केला आहे, त्यामुळे तो अधिकच वेळा पाहावा लागतो.