भरात येऊन थांबणारा माणूस

फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनमधला तो नाच, म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे एकच चित्र यायचं, लाल झालरीचा घेरदार झगा, केसात फूल आणि टाचांचा तडतडाट. म्हणजे जितका वेग जास्त तितका नाच भारी असा माझा सरळ हिशोब होता. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइलवर काहीबाही बघत बसलो होतो आणि कार्लोस साउरा या स्पॅनिश दिग्दर्शकाचा 'बोदास दे सांग्रे' (रक्ताचं लग्न) हा नाचाचा सिनेमा समोर आला, १९८१ चा, जेमतेम सव्वा तासाचा. म्हटलं बघू पाच मिनिटं. पूर्ण संपवूनच उठलो आणि शेवटचा चाकूंचा सीन तर लगेच मागे जाऊन परत बघितला.

त्या सीनमध्ये होतं काय, तर दोन पुरुष समोरासमोर, दोघांच्या हातात चाकू, आणि ते लढतात स्लो मोशनमध्ये. पण हा कॅमेऱ्याचा स्लो मोशन नाही हां, माणसंच तेवढी हळू हलतायत. गिटार नाही, गाणं नाही, टाळ्या नाहीत. एक पाय उचलला की तो खाली टेकेपर्यंत आपण श्वास धरून बसतो. मी दुसऱ्या दिवशी खोलीत करून बघितलं, एक पाय उचलून हळूहळू पुढे टाकायचा आणि सोबत कंबरेतून वळायचं, तिसऱ्या सेकंदाला कपाटाला धरायला लागलं. भरभर नाचताना तोल गेला तरी पुढच्या पावलात सावरून घेता येतो, हळू नाचताना लपायला जागाच नसते.

त्या दोघांतला एक आंतोनियो गादेस, आणि ही सगळी कोरिओग्राफीही त्याचीच. तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलोय.

खरं नाव आंतोनियो एस्तेवे रोदेनास, जन्म १९३६, आलिकान्ते प्रांतातल्या एल्दा नावाच्या गावात. म्हणजे जिथे फ्लॅमेंको रक्तात असतो म्हणतात त्या दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचा हा नाहीच! आणि १९३६ म्हणजे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं ते साल. वडील रिपब्लिकन बाजूचे, म्हणजे हरलेल्या बाजूचे. पुढे कुटुंब माद्रिदला आलं, घरात पैशाची चणचण, अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा कामाला लागला. फोटो स्टुडिओत, वर्तमानपत्राच्या ऑफिसात, जिथे मिळेल तिथे हरकाम्या. बॉक्सिंग करून बघितलं, बैलांशी झुंजायचंही करून बघितलं. नाच हा त्यातलाच एक मार्ग, पोट भरायचा. कलेची ओढ वगैरे काही नाही, हे तो स्वतःच उघडपणे सांगायचा आणि मला ते फार आवडलं.

सोळाच्या आसपास असताना पिलार लोपेझच्या नजरेला पडला. ही त्या काळातली मोठी नर्तकी, स्वतःची कंपनी होती तिची. तिने त्याला घेतलं आणि नावही बदललं. गादेस हे कादिस शहराचं रोमन काळातलं नाव, म्हणजे एल्दाच्या पोराला एकदम आंदालुसियातल्या सगळ्यात जुन्या बंदराचं नाव चिकटलं. गंमत म्हणजे या पिलारची मोठी बहीण ला अर्खेंतिनीता ही स्पॅनिश कवी आणि नाटककार लोर्काची मैत्रीण, १९३१ मध्ये तिने जुनी लोकगीतं रेकॉर्ड केली तेव्हा पियानोवर खुद्द लोर्का बसला होता. आणि पुढे गादेसने ज्याच्यावर नाच बसवला ते 'बोदास दे सांग्रे' नाटक लोर्काचंच. तो लोर्का मारला गेला १९३६ मध्ये, म्हणजे गादेस जन्मला त्याच वर्षी. असले धागे सापडले की मला रात्री झोप लागत नाही.

गादेसच्या नाचावर दुसरी छाप विसेंते एस्कुदेरो या जुन्या नर्तकाची. या म्हाताऱ्याने पुरुषांनी कसं नाचावं याचे दहा नियमच काढले होते, कंबर हलवायची नाही, बोटं जुळलेली ठेवायची, उगाच नखरे नाहीत. गादेसची फारुका बघा म्हणजे कळेल. फारुका हा चार मात्रांचा, मूळचा पुरुषांचा नाच, त्यात भरात येऊन एकदम थांबायचं असतं. गादेस थांबतो तेव्हा खांब रोवल्यासारखा थांबतो, मान सुद्धा हलत नाही. टाचांचा तडतडाट त्यालाही येतोच की, पण तो टाळ्या मिळवायला वापरत नाही.

('लोस तारांतोस' नावाच्या १९६३ च्या सिनेमात तो रात्री बार्सेलोनाच्या रांब्लास रस्त्यावर नाचतो, रस्ता धुणाऱ्यांच्या पाण्याच्या फवाऱ्यात. तो तुकडा सापडला तर सोडू नका. तिथे तो पोरगेला आहे, आणि सिनेमात सोबत खुद्द कार्मेन आमाया ही फ्लॅमेंकोतली नावाजलेली नर्तकी आहे, तिचा हा शेवटचा सिनेमा.)

'बोदास दे सांग्रे' त्याने स्टेजवर आणलं १९७४ ला, रोममध्ये. मूळ घटना १९२८ ची, आल्मेरियाजवळच्या निहार भागातली, लग्नाच्या काही तास आधी नवरी दुसऱ्याबरोबर पळाली आणि खून झाला. लोर्काने त्याचं नाटक केलं आणि गादेसने त्या नाटकातले शब्दच काढून टाकले. एवढ्या मोठ्या कवीचे शब्द काढायचे म्हणजे काय हिंमत लागत असेल! उरलं काय तर अंगाई, लग्नाचा नाच, फोटोसाठी ताटकळून उभं राहिलेलं वऱ्हाड आणि ते चाकू.

आणि मग हाच माणूस स्वतः थांबला. सप्टेंबर १९७५ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने पाच जणांना गोळ्या घातल्या, त्या राजवटीने दिलेला तो शेवटचा मृत्युदंड. गादेसने आपली कंपनी बंद केली आणि नाच सोडला. नाव जोरात चाललेलं, वय अडतीस. पक्का कम्युनिस्ट होता तो, आणि त्याची सगळी मतं मला पटतात असं नाही, पण ऐन भरात दुकान बंद करणं हे मला त्या फारुकामधल्या थांबण्यासारखंच वाटतं. बोलायचं नाही, नुसतं थांबायचं.

त्याला परत नाचायला लावलं क्युबाची बॅले नर्तकी आलिसिया आलोन्सोने. तिला स्वतःला जवळजवळ दिसत नव्हतं आणि तरी ती स्टेजवर नाचत होती, अशा बाईपुढे हा कसला नाही म्हणतोय. १९७८ ला स्पेनच्या नॅशनल बॅलेचा तो पहिला डायरेक्टर झाला, १९८० ला त्याला काढलं, आणि त्याच्याबरोबर बरेच नर्तक बाहेर पडले. साउराबरोबरचे तीन सिनेमे यानंतरचे. त्यातला १९८३ चा 'कार्मेन' सगळ्यात गाजला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यात गिटारवादक पाको दे लुसिया बिझेच्या 'कार्मेन' ऑपेरातली धून ऐकतो आणि गिटारवर तिला बुलेरियाच्या, म्हणजे फ्लॅमेंकोतल्या एका जलद ठेक्यात बसवतो, ते बघताना मी एकटाच हसत होतो. सिगारेट कारखान्यातल्या बायका टेबलांवर हात आपटून जो ताल धरतात, तो दोन दिवस डोक्यातून जात नाही. कार्मेन झालेल्या लाउरा देल सोलपेक्षा मला क्रिस्तिना ओयोस आवडली, वय झालं म्हणून जिला रोल मिळत नाही ती. ती नुसती उभी राहिली तरी पाठीतून राग दिसतो.

१९९४ ला लोपे दे वेगाच्या नाटकावरून 'फुएन्तेओवेहुना' केलं, जुलमी अधिकाऱ्याला मारून 'कोणी मारलं' याचं उत्तर म्हणून गावाचंच नाव सांगणाऱ्या गावाची गोष्ट. त्यात खरा हिरो कोणी नाहीच, गाव आहे.

शेवटी कॅन्सर झाला. तब्येत अशी असताना २००३ मध्ये हा स्वतःच्या शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडून क्युबाला गेला. जुलै २००४ मध्ये माद्रिदला वारला, अस्थी मात्र क्युबातच आहेत.

चाकूंचा तो सीन बघणार असाल तर हेडफोन लावून बघा. मी पहिल्यांदा मोबाइलच्या स्पीकरवर बघितला आणि मला वाटलं आवाज गेला, व्हॉल्यूम वाढवत बसलो होतो.