घरात उघडते, कराडला नाही

सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बाबा २००५ च्या पुरापासून वहीत लिहायचे. त्या वह्यांचे फोटो मी विश्रामबागच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर साइट करून टाकले. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. कराडहून आत्याचा फोन आला, "अरे, नुसतं गोल फिरतंय."

मोबाइलचं वायफाय बंद करून पाहिलं. खरंच, बाहेरून उघडत नव्हती. राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट, म्हणजे साइटसाठी आत यायच्या वाटा, रास्पबेरी पायकडे बरोबर वळवलेले, फायरवॉल ठीक, पायचा आयपी पत्ताही बदललेला नव्हता. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. हे आधी तपासायला हवं होतं: राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता १०० ने सुरू होत होता, पुढे ७२. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर मात्र वेगळाच.

१००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरची विनंती कंपनीच्या दारातच अडते. माझ्या राउटरपर्यंत येतच नाही.

स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घेता आला असता. मी सार्वजनिक पत्त्याचा छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड लावलं, म्हणजे पायपासून त्या सर्व्हरपर्यंत सुरक्षित बोगदा; बाहेरची विनंती सर्व्हरवर येते आणि त्यातून घरी पोचते. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून अडत नाही. दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवून ती जागी ठेवली.

रात्री आत्याचा पुन्हा फोन. "४५ फुटांचं पान दिसलं रे. दादाचं अक्षर!"