तुम्ही विचारलंत म्हणून: मत नाही, तर कॉकसला जाता कशाला?

मंडळाच्या संक्रांतीला विचारून झालं, सांगलीहून फोनवर विचारून झालं, परवा आमच्याकडे जेवायला आलेल्यांनीही पोळीवर तूप घेता घेता तेच विचारलं. नागरिकत्व घेतलं नाहीस, मत नाही, मग त्या कॉकसला जाऊन बसतेस कशाला?

आधी नियम, कारण त्यावरूनही मला बरंच ऐकवलं जातं. कॉकस म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा, हे ठरवायला त्या त्या भागातल्या मतदारांची बैठक. अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात ती सरकार भरवत नाही, पक्ष भरवतो. म्हणून वर्गणी भरलेले कार्यकर्तेच आत जात असतील असं आपल्या लोकांना वाटतं. तसं नाही. त्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे मतदान केंद्राच्या हद्दीत, राहत असायला हवं आणि मतदार म्हणून त्या पक्षाच्या नावाने नोंद हवी. ती दारातल्या टेबलावर त्याच रात्री करता येते, पक्षही तिथेच बदलता येतो. नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत 18 पूर्ण होत असतील तर सतरा वर्षांची पोरंही चालतात. नागरिक नसलेला चालत नाही. भिंतीकडेच्या खुर्चीत बसून बघायला कुणाची हरकत नसते.

2020 च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसला मी त्या खुर्चीत होते. सँडर्स, क्लोबुशार, वॉरन वगैरे उमेदवार होते, आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याने त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं, मग डोकी मोजायची, अशी तेव्हाची पद्धत. आमची मुलगी तेव्हा सतराची, जन्म इथलाच. तिने टेबलावर फॉर्म भरला आणि थेट सँडर्सच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. टेबलावरच्या बाईंनी हसत मलाही फॉर्म दिला, पेनासकट. पासपोर्ट कुणी मागितला नाही. पण अमेरिकेचे नागरिक आहात का, हा प्रश्न फॉर्मवर असतो. तिथे खोटं ‘हो’ लिहिणाऱ्याला देशाबाहेर काढू शकतात. मी फॉर्म परत ठेवला.

शाळेच्या जिममध्ये 138 माणसं होती. आमच्या प्रिसिंक्टमध्ये गट टिकायला 15 टक्के लागायचे, म्हणजे 21. क्लोबुशारच्या कोपऱ्यात 20 झाले. दोनदा मोजले, 20च. त्यात आमच्या शेजारीणबाई. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात, त्यांच्या दारातलं बर्फ आम्हीच काढतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला, ये. मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी लाजतेय. त्या सगळा जिम ओलांडून आल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, एकच माणूस हवंय गं. मी म्हटलं, मी नागरिक नाही. आजूबाजूचे चारपाच जण वळले. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना हे माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. त्या ‘सॉरी’ म्हणाल्या. मला त्या ‘सॉरी’चाच राग आला. मुलगी पलीकडून बघत होती. तिचा गट पहिल्याच फेरीत टिकला होता, आणि त्या वर्षीच्या नव्या नियमानुसार टिकलेल्या गटातून हलता येत नव्हतं. मग क्लोबुशारचा गट मोडला. काही दुसऱ्या कोपऱ्यांत गेले, शेजारीणबाई कोट घालून घरी गेल्या.

त्या रात्री निकाल कळवायचं ॲप बिघडलं, निकाल अडकला आणि टीव्हीवर आयोवाचं हसं झालं. 2024 मध्ये तर डेमोक्रॅटांनी उमेदवाराची पसंती टपालानेच घेतली. त्यामुळे हे वर्णन तुम्हाला जुनं वाटेल. वाटू दे.

मग घे की नागरिकत्व, असं तुम्ही लगेच म्हणणार. ग्रीन कार्ड आहे, अर्ज करता येतो, मान्य. पूर्वी मी ठणकावून सांगायचे की भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, वडिलांची शेती आहे, पासपोर्ट सोडायचा नाही. शेतीचं कारण लंगडं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. मी कुठे विकत घ्यायला चालले होते? आणि भारतीय पासपोर्टावर तिकडे मत देता येतं म्हणाल, तर त्या दिवशी स्वतः केंद्रावर हजर असलं तरच. म्हणजे दोन्हीकडे मी बघ्यांतच. हे कळूनही अर्ज भरलेला नाही. का, ते मला धड सांगता येत नाही, आणि प्रत्येक जेवणावळीत ते सांगायला मी बांधील नाही.

पण जाते का, ते सांगते. सांगलीत मला मत होतं तेव्हाही तिकीट कुणाला द्यायचं हे कधी कुणी विचारलं नाही. ते मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरायचं, आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचो. इथे माझा दंतवैद्य आणि मुलीचा बँडचा मास्तर 2020 मध्ये सगळ्यांदेखत उभे राहून तेच ठरवत होते, चुकतमाकत, मोजण्यात गोंधळ घालत. मला ते बघायला आवडतं. मत नसलेल्या माणसाने बघूही नये, हा नियम तुम्ही कुठून आणलात?

आणि आता लिहितेच आहे तर हेही. मला मत असतं तरी मी त्या रात्री क्लोबुशारकडे गेले नसते, वॉरनकडे गेले असते. शेजारीणबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.